हिरवं वांगं

मार्गशीर्षातला गुरुवार होता. जेवणाच्या सुट्टीनंतरचा तास, आठवी ब. डब्यांतल्या लसणाच्या चटणीचा वास वर्गात अजून रेंगाळत होता. फळ्यावर मी लिहून दिलं होतं: तांब्या, दोन टोमॅटो, एक वांगं. 'लिहून दिलं' हे मुद्दाम सांगतोय. विषय वस्तुचित्राचा आणि टेबलावर वस्तू एकही नव्हती. तांब्या कार्यालयातल्या कपाटात, कपाटाची किल्ली शिपायाकडे आणि शिपाई बँकेत गेलेला. मुलांना त्याचं काही वाटलं नाही. त्यांनी चित्रकलेच्या सरकारी ग्रेड परीक्षेच्या नमुना चित्रांची पुस्तिका बाकावर उघडी टाकली आणि कामाला लागली. मी बाकांमधून फिरत होतो, हात पाठीमागे बांधून, ड्रॉइंगचे मास्तर फिरतात तसा.

खिडकीकडच्या रांगेत शेवटच्या बाकावर एक मुलगी बसते. तासाला कधी काही विचारत नाही. कापूस वेचणीच्या दिवसांत पंधरा-वीस दिवस आलीच नव्हती. बोटांवर बोंडांच्या टोकांचे ओरखडे अजून होते. तिच्या कागदावरचा तांब्या डावीकडे कललेला, टोमॅटो बरे, आणि वांगं हिरवं. फिकट हिरवं, पोटाशी पांढुरक्या रेघा असलेलं. मी थांबलो आणि तोंडातून निघून गेलं, "अगं, वांगं जांभळं असतं." एवढ्यावर थांबलो असतो तरी निभावलं असतं. पण मी तिच्या हातातला ब्रश घेतला, तिच्याच डिशमधल्या जांभळ्यात बुडवला आणि त्या हिरव्या पोटावर एक पट्टा ओढला. "असं." रंग ओलाच होता. हिरव्यात जांभळा उतरला आणि दोन्ही मिळून सारवणाच्या शेणकाल्यासारखं काहीतरी झालं. ती "हो सर" म्हणाली. उरलेलं वांगंही तिने मुकाट्याने तसंच रंगवून टाकलं.

मी पुढच्या बाकाकडे गेलो.

संध्याकाळी घरी आलो तर अंगणात भरताची तयारी चाललेली. भावाकडून पिशवीभर वांगी आली होती. बायकोने त्यांना टोचे मारून, तेलाचा हात फिरवून ठेवलं होतं आणि कपाशीच्या काड्यांचा जाळ केला होता. "नुसते उभे काय, फिरवा ती," म्हणाली. मी एक वांगं देठाला धरून उचललं आणि तसाच उभा राहिलो. हिरवं. चांगलं वीतभर लांब, बुडाशी फुगलेलं, अंगावर पांढऱ्या फिकट रेघा. देठावर बारीक काटे, त्यातला एक अंगठ्यात घुसला. पन्नास हिवाळे मी हीच वांगी खात आलोय. लग्नकार्यात, शेतातल्या भरीत पार्टीत, पाहुणा आला म्हणून, पाहुणा गेला म्हणून. सोबत कळण्याची भाकरी किंवा पुऱ्या, कांद्याची पात, वरून कच्चं तेल. आमच्या खान्देशात भरताचं वांगं म्हटलं की ते हिरवंच. पुण्याची मेहुणी येते तेव्हा तिला ते कच्चं वाटतं, आणि आम्ही तिला दरवर्षी हसतो.

वर्गात बेचाळीस मुलं होती. बेचाळिसांच्या घरी या मोसमात हेच वांगं भाजलं जातं. एकेचाळिसांनी जांभळं काढलं, एकीने हिरवं. आणि बेचाळिसावी चुकली असं सांगायला मी होतो, ए.टी.डी. म्हणजे कलाशिक्षकाची पदविका झालेला, सत्तावीस वर्षं नोकरी केलेला माणूस. त्या रात्री भरीत तिखट झालं होतं की मला तसं लागलं, कुणास ठाऊक.

माझ्या डोक्यात हे जांभळं वांगं कुठून आलं याचा मी बरेच दिवस माग काढत राहिलो. पुस्तिकेतून आलं हे उघड आहे. पण पुस्तिकेच्याही आधी बालवाडीच्या भिंतीवरचा भाज्यांचा तक्ता होता, त्याच्या आधी अंकलिपी. आणि वांग्याचंच कशाला? स्मरणचित्रात 'देखावा' म्हटलं की आमची मुलं डोळे मिटून काय काढतात ते महाराष्ट्राला पाठ आहे: दोन त्रिकोणी डोंगर, मधून अर्धा सूर्य, एक नदी, एक झोपडी आणि नदीकाठी वाकलेलं नारळाचं झाड. गिरणेच्या काठावर नारळ! उन्हाळ्यात जिच्या पात्रात ट्रॅक्टर उतरतात त्या नदीत हे लोक निळ्याशार लाटा आणि शिडाची होडी काढतात. एकदा सहावीतल्या एका मुलाने नारळ काढता काढता मान वर करून विचारलं होतं, "सर, आमना वावरमा तं असं झाड नही शे." मी त्याला काय सांगितलं ते मला शब्दश: आठवतं. म्हणालो, "परीक्षेला चालतं ते काढ." त्याच्या वावरात बांधावर निंब होता, बाभळी होत्या, विहिरीवर मोटारीची पेटी होती आणि लांबवर सातपुड्याची निळी पट्टी. सातपुडा आमच्याकडून कधीच त्रिकोणी दिसत नाही. कुणी ओल्या ब्रशने आडवा हात फिरवावा तसा दिसतो, तोही पावसानंतर हवा धुतली गेली तरच. एरवी धुळीत विरघळलेला असतो.

परीक्षेला नावं ठेवणं सोपं आहे, आणि मला ते करवत नाही. एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा नसत्या तर आमच्या शाळेतला ड्रॉइंगचा तास कधीच गणिताने खाल्ला असता. इंटरमिजिएटला ए श्रेणी मिळाली की दहावीला 7 गुण वाढतात, बीला 5, सीला 3. या 7 गुणांपायी बाप मुलीला पोस्टर कलरची पेटी घेऊन देतो. एरवी तो "रंग काय खायचे आहेत का?" म्हणाला असता. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र आणि भूमिती-अक्षरलेखन हे चार पेपर द्यायचे म्हणून पोरं दर रविवारी सकाळी शाळेत येतात. मी खिचडीच्या चुलीवर चहा ठेवतो, कुणी फरसाण आणतं, आणि खरं सांगायचं तर माझी सगळी शिकवणी त्या रविवारीच होते. हे सगळं परीक्षेने दिलं. आणि जांभळं वांगंही परीक्षेच्या तयारीनेच दिलं. परीक्षेत तर वस्तू समोर मांडलेल्या असतात, बघून काढायच्या असतात. तयारी मात्र आम्ही न बघता करून घेतो.

आम्हाला चित्रकला शिकवणारे सर तासाला निम्मा वेळ झोपायचे. टेबलावर डोकं ठेवून, खरोखर झोपायचे. पान खायचे, सदऱ्याच्या खिशावर डाग असायचे, आणि हेडमास्तर व्हरांड्यातून येताना दिसले की पहिल्या बाकावरच्या मुलाने टेबलाला गुडघा मारायचा असं ठरलेलं होतं. पण जागे असले की त्यांचा एक रिवाज होता. मुलाच्या कागदाला ते कधी हात लावत नसत. चूक दाखवायची असली की शेजारी बसायचे, खिशातून विडीच्या पाकिटाएवढा कागदाचा चिठोरा काढायचे आणि त्याच्यावर काढून दाखवायचे. बैलाचा मागचा पाय कसा मागे मोडतो, घडा कलला की पाणी कसं सपाटच राहतं. तो चिठोरा आपल्या कागदाशेजारी ठेवून उठायचे. पटलं तर घ्या, नाही तर ठेवा. माझ्याकडे पोळ्याच्या बैलाचा एक चिठोरा पुष्कळ वर्षं होता, घर बदलताना गेला. तेव्हा मला वाटायचं, सर आळशी आहेत, आमचं चित्र नीट करून देत नाहीत. शेजारच्या वर्गाचे मास्तर सगळ्यांची चित्रं स्वत: 'उचलून' द्यायचे, आणि प्रदर्शनात त्यांच्या वर्गाची पंचवीस चित्रं एकाच हाताची दिसायची. बक्षीसही त्यांनाच मिळायचं.

मी त्या दिवशी ब्रश हिसकावलाच म्हणा ना. 'घेतला' हा सभ्य शब्द झाला.

ड्रॉइंगच्या तासाला नेमकं काय शिकवता, असं शाळेतल्याच एका विज्ञानाच्या शिक्षकाने मला एकदा विचारलं होतं. टोमणा नव्हता त्यात, खरंच त्याला कळत नव्हतं. मला तेव्हा उत्तर देता आलं नाही. आता तांब्याचं तोंड सांगितलं असतं. पाचवीतून आलेलं कुठलंही मूल तांब्याचं तोंड गरगरीत गोल काढतं आणि बूड पट्टीने आखल्यासारखं सपाट. त्याच्या हिशेबाने दोन्ही बरोबर आहे. तोंड गोल असतं, त्याने त्यात हात घालून घासलंय. बूड सपाट असतं, नाही तर तांब्या उभा कसा राहिला असता? त्याच्या हातांना माहीत असलेला तांब्या तो कागदावर उतरवतो. मग त्याला जागेवर बसवायचं, एक डोळा मिटायला लावायचा, हात कोपरात न वाकवता पेन्सिल उभी धरायला लावायची आणि तोंडाची उंची मापायला सांगायची. अंगठा पेन्सिलीवरून सरकत सरकत पार टोकाशी येतो. तेवढीच उंची. पेन्सिल आडवी केली तर रुंदी तिच्या चौपट. "सर, हे तर चपटं शे!" हा आवाज मी सत्तावीस वर्षांत किती वेळा ऐकला असेल, पण दर वेळी माझ्या पोटात काहीतरी हलतं. मग त्याला उभं करायचं. तोंड उघडत जातं. खाली बसवून डोळे तांब्याच्या काठाशी आणायचे; तोंड मिटतं, रेघ उरते. तांब्या तोच, तिथेच. आणि बूड तर तोंडापेक्षाही जास्त वाकलेलं निघतं, कारण ते डोळ्याच्या आणखी खाली असतं. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा पोरं माझ्याकडे संशयाने बघतात, मीच काहीतरी केलं असावं अशी.

दुसरी गोष्ट फटीची. तांब्या आणि टोमॅटो यांच्यामध्ये जी रिकामी जागा दिसते तिचा आकार काढ, असं सांगितलं की मुलं हसतात. रिकाम्याचं काय काढायचं? पण फट काढली की दोन्ही वस्तू आपोआप जागेवर येतात. कारण फटीचं चित्र कुठल्याच अंकलिपीत छापलेलं नसतं. तिचं नाव नाही, तिचा रंग कुणी सांगून ठेवलेला नाही, तिथे बघण्यावाचून इलाजच नसतो. तिसरी गोष्ट काळ्या बाटलीची. बारा बाटल्यांच्या पेटीतली काळी बाटली सगळ्यात आधी संपते, कारण सावली काळीच असते अशी सगळ्यांची खात्री. मी ती बाटली महिनाभर जमा करून घेतो. पहिले दोन तास बोंबाबोंब होते. मग कुणीतरी विटकरीत निळा घालून बघतं, आणि तसली सावली जिवंत निघते. हे झालं की त्या वर्गात कुणी काळी बाटली परत मागत नाही. म्हणजे बरेचसे मागत नाहीत. काही वस्ताद घरून दुसरी आणतात.

यथार्थदर्शनाला, म्हणजे पर्स्पेक्टिव्हला, मात्र आमच्या भागासारखा फळा कुठे नसेल. क्षितिजरेषा आणि अदृश्य बिंदू फळ्यावर आखून समजत नाहीत. एकदा सगळा वर्ग मी शाळेमागच्या केळीच्या बागेत नेला. दोन ओळींच्या मधल्या सरीत एकेकाला उभं केलं. खोडं दोन्हीकडून जवळ येत येत लांब एका हिरव्या ठिपक्यात शिरतात. पानांची छतं वरून खाली उतरतात, ठिबकची नळी खालून वर चढते, सगळं त्या एका ठिपक्याकडे. एक पोरगा सरीतून पळत सुटला, तो ठिपका कुठे आहे ते बघायला. बागवाल्याने आम्हाला शिव्या दिल्या, कारण घड निसवत होते. त्यानंतर मुख्याध्यापकांनी मला बोलावून घेतलं. वर्ग बाहेर न्यायचा तर लेखी परवानगी लागते.

अजिंठ्याला तर आम्ही दर दोन वर्षांनी सहल नेतोच. लेणी आमच्या जिल्ह्यात नसली तरी जळगावहून 60 किलोमीटरवर आहेत आणि सहलीच्या बजेटात बसतात. पोरांचं निम्मं लक्ष माकडांकडे. पण पहिल्या क्रमांकाच्या लेण्यात शिरलं की अंधारात डोळे बसेपर्यंत सगळे गप्प होतात. "सर, रंग कोणत्या कंपनीचे?" असं एकाने विचारलं होतं. मी त्याला सांगितलं, तुझ्या आजीच्या कंपनीचे. गेरू, पिवळी माती, चुना, काजळी. पोळ्याला बैलाच्या अंगावर उठवतोस तो गेरू. भिंतीला माती, तूस आणि काड्या-धाग्यांचं लिंपण, त्याच्यावर चुन्याचा पातळ हात. आपल्या धाब्याच्या घरांची भिंत याच्याहून फार वेगळी नाही. एक निळा तेवढा परदेशातून आलेल्या दगडाचा. तो पोरगा भिंतीकडे बघतच राहिला. नाक जवळ नेऊन वास घ्यायला लागला तेव्हा रखवालदाराने शिट्टी मारली.

तिथून परतताना मी बसमध्ये रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची गोष्ट सांगतो. पारोची, म्हणजे त्याच्या इथल्या प्रेयसीची, गोष्ट मुलांना ठाऊक असते. अजिंठा गावातली तिची कबर पुष्कळांनी पाहिलेली असते, 1856 साल कोरलेली. मला दुसरी सांगायची असते. 1844 साली नकला करायला आलेला हा माणूस पुढची कित्येक वर्षं त्या अंधारात उभा राहून भिंतीवरची चित्रं कॅनव्हासवर उतरवत राहिला, ती लंडनला गेली, आणि 1866 साली क्रिस्टल पॅलेसच्या आगीत बहुतेक जळून गेली. पुढे 1872 पासून मुंबईच्या जे.जे. कलाशाळेचे ग्रिफिथ्स मास्तर आपले विद्यार्थी घेऊन तेच काम करायला आले. त्यांच्याही कितीतरी नकला 1885 च्या आगीत लंडनलाच गेल्या. आगीपर्यंत आलं की बसमध्ये कुणीतरी हळहळतं, "मंग काय उपेग?" मला याचं उत्तर माहीत नाही, पण नकलेला मी तेव्हापासून कमी लेखत नाही. ग्रिफिथ्सच्या त्या पोरांमध्ये पेस्तनजी बोमनजी होते, पुढे मोठे चित्रकार झाले. नक्कल त्यांनीही केली, पण भिंतीवरच्या पद्मपाणी बोधिसत्त्वाच्या भुवईसमोर महिनोन् महिने उभं राहून केली. आमची पुस्तिकाही नक्कलच, फक्त तिची मूळ वस्तू कुणीच पाहिलेली नाही. गिल 1879 मध्ये वारला. त्याची कबर आमच्या भुसावळला आहे.

सहल कधी उलट्या दिशेने, चाळीसगावला नेली की चित्रकार-छायाचित्रकार केकी मूस यांचं घर बघायला मिळतं. स्टेशनाजवळचा बंगला, आणि पंजाब मेलने यायचं वचन दिलेल्या प्रेयसीची वाट बघण्याची ती कथा. ती सांगायला गाईड लागत नाही, चाळीसगावचा रिक्षावालासुद्धा सांगतो. माझी तक्रार अशी की त्या कथेपायी चित्रं आणि फोटो कुणी बघत नाही. घराबाहेर जवळपास न पडलेल्या या माणसाने टेबलावर चिल्लर वस्तू मांडून, त्यांच्यावर हवा तसा प्रकाश टाकून अख्खी दृश्यं उभी केली. टेबलटॉप फोटोग्राफी म्हणतात तिला. माझ्या मुली तिथे गेल्या की "सर, ती आली का शेवटी?" एवढंच विचारतात. मी त्यांना एका फोटोसमोर उभं करतो आणि उजेड कुठून येतोय ते विचारतो. त्यांना मी अगदीच रुक्ष माणूस वाटत असणार.

साहित्याचं म्हणाल तर रडगाणं गात नाही, पण पस्तीस मिनिटांच्या तासात पाणी आणायला सात मिनिटं जातात. नळाला पाणी असलं तर. चौघांत एक मग्गा, तिघांत एक पेटी. ब्रशचे केस रंगात गळून चित्रात चिकटतात, आणि पोरं ते नखाने उचलायला जाऊन डाग पाडतात. स्वस्त कागद दोनदा खोडला की त्याला लव सुटते. मार्चनंतर तर ब्रश कागदापर्यंत नेईतो रंग वाळतो. आणि मास्तराचं काय? ड्रॉइंगच्या शिक्षकाचं खरं काम गॅदरिंगचा पडदा, प्रमाणपत्रांवरची नावं, पाहुणे आले की प्रवेशद्वारातली रांगोळी आणि रोजचा सुविचार. सुविचाराखाली मी कधीमधी एखादं कमळ काढतो. कमळसुद्धा आमच्या गावात नाही.

तरी पोरं काहीतरी घेऊन जातात. काय घेऊन जातील ते मला आधी कधीच ओळखता आलेलं नाही. संकल्पचित्रात कायम सी श्रेणीत राहिलेला एक मुलगा सुरतला साडीच्या डिझाइनवर कामाला लागला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावी आला की भेटतो. मोबाइलवर दाखवतो, एक फूल, दोन पानं, चौकोनात बसवलेली, आणि ती उलटी-सुलटी जोडून मैलभर कापड. "सर, तुमचंच फूल विकून खातोय," म्हणतो. दुसरा एक होता, अख्खी तीन वर्षं त्याने फक्त ट्रक काढले. वस्तुचित्रातसुद्धा तांब्यामागे ट्रक. बाप ट्रकवर होता आणि महिना महिना घरी येत नसे. मी एकदाही त्याला ट्रक काढू नको म्हटलं नाही. आजवरच्या नोकरीतलं हे एक काम मी बरं केलं असं मला वाटतं, आणि त्यात मी केलं काहीच नव्हतं. ती मुलगी, वेचणीतून आलेली, तिला कुणी सांगितलं नसताना पुस्तिका मिटून तिने वांगं आठवलं होतं. कुणाच्या तरी वावरातलं, भाजीच्या बाजारातलं, नाही तर चुलीपुढचं. तिच्या कागदावर मी नेमकं त्याच्यावरच फासलं.

पुढच्या गुरुवारी मी पिशवीतून वांगं नेलं. किल्ली आदल्या दिवशीच मागून ठेवली होती, त्यामुळे तांब्याही आला. खिडकीकडे स्टूल ओढलं, त्यावर पांढरा पंचा अंथरला आणि वांगं आडवं ठेवलं. पोरांनी लगेच ओळखलं. "सर, भरीत करायचं का?" मी म्हटलं, आधी चित्र. आणि म्हटलं, मागच्या तासाला मी एक चूक केली, एका बरोबर चित्राला चूक म्हटलं. वर्गाला याची फार मजा वाटली. "सर चुकले" ही बातमी शाळा सुटेपर्यंत दहावीत पोचणार हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. कुणाचं चित्र ते मी सांगितलं नाही. तिने मान वर केली नाही. पण दहा मिनिटांनी, मी जवळून जाताना, तिने पहिल्यांदाच काहीतरी विचारलं.

"सर, परीक्षेत कोणतं काढायचं?"

"समोर ठेवतील ते."

"आणि समोर नाही ठेवलं तर?"

तिने टोचून विचारलं नव्हतं. मी तिच्या शेजारी बाकावर बसलो. बाक लहान, माझे गुडघे वर आले. ती लिंबू पिवळ्यात हिरव्याचा थेंब घालून कागदाच्या कडेला लावून बघत होती. जास्त हिरवा झाला. पांढरा घातला, तर खडूसारखा झाला. परत पिवळा. कडेला असे सात-आठ चौकोन झाले होते, एकाहून एक जवळ जाणारे. मधून मान वर करून वांग्याकडे बघायची, डोळे बारीक करून, बाजारात बाया वांगी निवडताना बघतात तशी. पंच्यावर पडलेल्या सावलीत तिने जरासा जांभळा लावला होता. मी खिडकीकडे बघितलं. होता तिथे जांभळा.

देठाजवळचा हिरवा तिला सापडत नव्हता. मला दिसत होतं, थोडासा विटकरी हवा. माझा हात सवयीने पुढे झालाच. तिने कागद अलगद आपल्याकडे ओढला.

"ओलं शे सर अजून."

मी खिशात चिठोरा शोधला. बसचं तिकीट निघालं, त्याच्या पाठीमागे विटकरीचा एक ठिपका आणि हिरव्याचा एक ठिपका लावून बाकावर ठेवलं आणि उठलो. तिने ते वापरलं की नाही, बघितलं नाही. तास संपल्यावर शिपाई वांगं मागायला आला. म्हटलं, आज नको, उद्या आठवी अ ला लागेल.